क्षाराच्या पाण्याने केस राठ झालेत, घरगुती उपाय सांगा प्लीज

नवीन घरात पाणी खूप क्षाराचं आहे, नळावर पांढरा थर बसतो आणि केस धुतले की इतके राठ होतात की कंगवाच अडकतो. शॅम्पू बदलून झाला, काही फरक नाही. केमिकल नको, घरातलं काहीतरी सांगा ना.

उत्तर १:
शॅम्पूचा दोष नाहीये हो, पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसांवर साचतं, ते सुटायला आंबट काहीतरी लागतं. मगभर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून शेवटी केसांवरून ओता, मिनिटभर थांबा आणि साध्या पाण्याने धुवा. आठवड्यातून एकदा बास. डोळे सांभाळा, टाळूवर जखम असेल तर अजिबात नको.

उत्तर २:
आणि केसांना साबण लावत असाल तर तो आधी बंद करा, क्षारांबरोबर त्याचा चिकट थर होतो तो निघतच नाही. खायच्या सोड्याच्याही नादी लागू नका, केस अजून खरखरीत होतात.

प्रश्नकर्ती:
व्हिनेगरऐवजी लिंबू चालेल का?

उत्तर १:
चालेल, पण गाळून आणि भरपूर पाण्यात. नीट धुतल्याशिवाय उन्हात जाऊ नका, कातडीवर चट्टे उठतात.

उत्तर ३:
माझं मत, धुवायच्या आधी टोकांना खोबरेल चोळा, केस पाणी कमी शोषतात. शेवटच्या मगासाठी पाणी उकळून गार करा, खाली गाळ बसला की फक्त वरचं घ्या. सगळे क्षार नाही जात पण काही पाण्यांत बराच फरक पडतो. पावसाचं स्वच्छ पाणी मिळालं तर उत्तमच.