शुक्रावरचा दिवस नेमका किती मोठा?
शुक्राचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो, ही नेहमी सांगितली जाणारी माहिती खरी आहे. मात्र ‘दिवस’ कशाला म्हणायचे हे स्पष्ट केल्याशिवाय ती अर्धवट राहते, असे मला वाटते. स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करायला शुक्राला पृथ्वीवरचे सुमारे २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवती फिरायला सुमारे २२५. परंतु तो स्वतःभोवती बहुतेक ग्रहांच्या उलट दिशेने फिरत असल्यामुळे एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत सुमारे ११७ दिवसच जातात, म्हणजे एका वर्षात जवळजवळ दोन सूर्योदय होतात, आणि तेही पश्चिमेला!

त्याची गती किती संथ आहे पाहा: पृथ्वीच्या विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरते, तर शुक्राची अवघी साडेसहा किलोमीटर, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाइतकी. शुक्राच्या माथ्यावरचे ढग मात्र साधारण चारच दिवसांत ग्रहाला प्रदक्षिणा घालतात. याच दाट ढगांमुळे दुर्बिणीतून पृष्ठभाग दिसत नव्हता. १९६० च्या दशकात रडारच्या लहरी त्यावर आदळून परत आल्या, तेव्हा कुठे ही उलटी चाल उघड झाली.