दुसरीच्या मुलांचा वाचनस्तर नेमका कसा ठरवावा?

वर्गशिक्षिका, कुर्ला:
नमस्कार. मी मराठी माध्यमाच्या शाळेत दुसरीला शिकवते. वर्गातील बऱ्याच मुलांच्या घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलली जाते. अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट या स्तरांनुसार प्रत्येक मुलाची नोंद मला करायची आहे. अडचण अशी, की पुस्तकातला धडा अनेक मुले घडाघडा म्हणून दाखवतात. मात्र त्याच धड्यातले शब्द फळ्यावर सुटे लिहिले, की अडखळतात. अशा मुलांचा स्तर कोणता धरावा? शिवाय एकेकाला जवळ बसवून तपासायचे, तर बाकीच्या वर्गाचे काय करावे?

निवृत्त मुख्याध्यापक, दादर:
बाई, ज्या मुलांना धडा पाठ आहे, त्यांचे वाचन त्या धड्यावरून कळणारच नाही. मजकूर नवा हवा आणि शेजारी चित्रही नको. मुंबईतच १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून मुलांचे वाचन आणि गणित तपासणारे ‘असर’ सर्वेक्षण होत आले आहे. ते ग्रामीण भागासाठी असले, तरी त्याचा क्रम आपल्या वर्गातही उपयोगी पडतो. आधी पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद द्यावा. तो सलग वाचता आला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही आला तर सुटे शब्द, आणि शब्दही अडले तरच अक्षरे. आपण सांगता त्या मुलांचा स्तर या नव्या मजकुरावरूनच धरावा.

शिक्षिका, मालाड:
वरील क्रम योग्यच आहे. परंतु केवळ ‘शब्द स्तर’ एवढीच नोंद केली, तर उद्या काय शिकवायचे हे तिच्यातून कळत नाही, म्हणून मूल कुठे अडले ते शेजारीच लिहून ठेवावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. एक मूल ‘प्रकाश’चे ‘परकाश’ करते आणि ‘सूर्य’मधला रफार सोडून ‘सूय’ वाचते. त्याला जोडाक्षरांचा सराव हवा. दुसरे बोट ठेवून ‘पा-व-सा-त’ असे अचूक उच्चारते, पण काय वाचले असे विचारले, की गप्प राहते. नोंदवहीत दोघांचा स्तर एकच दिसेल, गरज मात्र अगदी वेगळी आहे. आपल्या वर्गासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते: हिंदीभाषक मुलाने ‘बाळ’चा उच्चार ‘बाल’ केला आणि अर्थ बरोबर सांगितला, तर ती वाचनातली चूक धरू नये. तो उच्चार ऐकून ऐकून सुधारतो.

केंद्रातील सहकारी शिक्षक, घाटकोपर:
वेगाबद्दल थोडेसे. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द असे लक्ष्य आहे, आणि ते अर्थ समजून वाचण्याचे आहे. घड्याळ मुलासमोर धरू नये; घाबरलेले मूल येत असलेलेही वाचत नाही.

बाकीच्या वर्गाविषयी सांगायचे, तर सगळ्यांची तपासणी एका दिवसात उरकण्याचा हट्ट नको. रोज परिपाठानंतर चार-पाच मुले घ्यावीत. तेवढ्या वेळात इतरांना जोडीने गोष्टीची पुस्तके वाचायला किंवा शब्दपट्ट्या लावायला द्याव्यात. मुलाला दाराजवळ, वर्गाकडे पाठ करून बसवावे, म्हणजे मागून कोणी उत्तर पुरवत नाही. दोन-तीन मजकूर आलटून पालटून वापरावेत, कारण तपासून गेलेले मूल जागेवर बसताच शेजाऱ्याला गोष्ट सांगते.

वर्गशिक्षिका, कुर्ला:
मनःपूर्वक आभार. सोमवारपासून नव्या परिच्छेदाने सुरुवात करते आणि नोंदवहीत ‘कुठे अडले’ हा रकाना वाढवते. जोडाक्षरे नसलेले छोटे परिच्छेद कोणाकडे तयार असतील, तर कृपया येथे द्यावेत.