मदत हवी आहे: कोल्हापुरी चपलांसाठी एकावर एक रचता येतील अशा, कमी जागेच्या पेट्या

पायताणवाली

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचनमात्र होते, आता गळ्याशी आलं म्हणून धागा काढतेय.

आमचं घर कोल्हापुरात, सुभाषनगरात. सासरे आणि दीर चपला बनवतात, मी आणि नवरा विकतो. पूर्वी सगळा माल चप्पल लाईनीतल्या दुकानांना जायचा, जोड सुतळीनं बांधून पोत्यात भरून. पेटी हा प्रकारच घरात नव्हता. जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये आपल्यासारखी चप्पल दिसली, गदारोळ झाला आणि त्यानंतर आमच्या इन्स्टाग्रामवर विचारणा वाढली. आता महिन्याला दीडेकशे जोड कुरियरनं जातात. घोडं पेंड खातंय ते पेटीपाशी.

सुरुवातीला बाजारात तयार मिळतात त्या बुटांच्या पेट्या घेतल्या. वेगळं झाकण, माप ३३ × २० × १२ सेंमी. चपलांनी अर्धी पेटीसुद्धा भरत नाही, उरलेल्या जागेत कागदाचे बोळे कोंबायचे. पेटीसकट जोडाचं वजन ८५० ग्रॅमच्या आसपास. पण आमचा कुरियरवाला आकारमानाचं वजन लावतो: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००. म्हणजे ७९२० भागिले ५०००, झालं १.५८ किलो. त्यांचे टप्पे अर्ध्या अर्ध्या किलोचे, म्हणून बिल २ किलोचं. किलोभर हवेचं भाडं दर जोडामागे जातंय.

मग शहाणपणा करून २०० पेट्या बनवून घेतल्या, साध्या, वर-खाली चार-चार फ्लॅपच्या. हिशेब केला होता: ३३ × १५ × १० म्हणजे ४९५०, पाच हजारांच्या आत, १ किलोत बसणार. पहिल्या आठवड्याचं बिल आलं ते दीड किलोचं! टेप घेऊन बसले तर पेटी बाहेरून ३३.६ × १५.६ × ११.२ भरली. गुणाकार ५८७१. पेटी बनवणारा म्हणतो, तुम्ही सांगितलं तेच माप दिलंय.

दुसरं दुखणं जागेचं. माल ठेवायला १० × १० फुटांची एक खोली आणि तिचा पोटमाळा. चौदा डिझाइन, प्रत्येकात सहा-सात नंबर. पेट्या एकावर एक रचतो, आणि हवा असलेला ८ नंबर नेहमी तळाशी. वरच्या बारा उतरवा, काढा, परत चढवा. पावसाळ्यात तर खालच्या पेट्या पार बसल्या, पट्टे चपटे झाले.

मामा (सासरे) म्हणतात, ‘चप्पल पायात घालायची हाय, पेटीत न्हाई. सुतळी बांध आन् दे धाडून.’ त्यांचं ऐकून दोन जोड नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून पाठवले. एका चपलेचा अंगठाच (पायाचा अंगठा अडकवायची कडी) पिळवटून आला.

तर पेटीचा आकार कसा ठरवू? आणि त्या २०० पेट्यांचं काय करू?

कोकणी_पाऊस

पेटी हवीच कशाला? प्युमानं २०१० मध्ये पिशवी काढली होती की, ईव्ह बेहार या डिझायनरच्या कंपनीनं डिझाइन केलेली. झाकणाची पेटीच नाही. तुम्ही सुती पोटली शिवून घ्या, गिऱ्हाईक नंतर वापरेलही.

खोकेवाला

पाऊसराव, त्या पिशवीच्या आत पुठ्ठा होता. एकाच सपाट तावाची घडी घालून केलेला सांगाडा, आणि पिशवी त्याच्यावरून. वजन पुठ्ठाच पेलायचा, वाचला तो झाकणाचा कागद. नुसती पोटली रचता येत नाही, आणि ताईंच्या चपलेचा अंगठा पुन्हा पिळवटेल.

ताई, मी शिरोलीत खोक्यांच्याच धंद्यात आहे, बावीस वर्षं झाली. तुमच्या पेटीवाल्यानं फसवलं नाही. आमच्याकडे माप म्हणजे आतलं माप, कारण माल आत बसायचा असतो. कुरियर मोजतो बाहेरून. तीन प्लायच्या (तीन थरांच्या) बी फ्ल्यूट पुठ्ठ्याची (फ्ल्यूट म्हणजे आतला नागमोडी थर) जाडी ३ मिमी धरा, दोन्ही बाजूंची मिळून ६. लांबी-रुंदीतले ०.६ तिथून आले, आणि वर-खाली फ्लॅप दुहेरी बसतात म्हणून उंचीत १.२. यापुढे ऑर्डर देताना कागदावर लिहायचं: ‘बाहेरचं माप’. तोंडी नाही.

आता आकाराकडे वळू. आधी जोड कसा ठेवता ते सांगा. शेजारी शेजारी?

पायताणवाली

हो, शेजारी शेजारी, पट्टे वर.

खोकेवाला

तिथंच पेटी फुगते. एक चप्पल तळ खाली करून ठेवा. दुसरी तिच्यावर पालथी, तळ वर, आणि तोंड उलट दिशेला. म्हणजे एकीचा पट्टा दुसरीच्या टाचेकडच्या मोकळ्या जागेत जातो. हातानं हलकं दाबा, जोर लावू नका, आणि उंची मोजून इथं टाका. कानांसकट (बाजूला बाहेर आलेल्या कातड्याच्या पाकळ्या) रुंदीसुद्धा.

पायताणवाली

आत्ता स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोजलं. पुरुषांची ९ नंबर: लांबी २८.५, कानांसकट रुंदी १३, उंची ९. बायकांच्या सपाट वेणीवाल्या जोडाची उंची जेमतेम ७. पट्टे एकमेकांना घासू नयेत म्हणून मध्ये कागद घालावा लागेल, बाकी मस्त बसतंय. इतकी वर्षं हे सुचलं कसं नाही!

हिशेबी

मी पुठ्ठ्यातला नाही, गोदामातला माणूस. एक गोष्ट ध्यानात घ्या. तुमचं खरं वजन ८५० ग्रॅम आहे, त्यामुळे अर्ध्या किलोच्या टप्प्यात तुम्ही कधीच जाणार नाही. म्हणजे पेटी ३००० घन सेंमीची केली काय आणि ४९०० ची केली काय, बिल १ किलोचंच. चप्पल दाबून दाबून पेटी लहान करण्यात काही हशील नाही. पाच हजारांच्या आत राहायचं आणि उरलेली जागा रचण्याच्या सोयीसाठी वापरायची.

मी तुमच्या जागी असतो तर बाहेरून ३० × १५ × १० घेतली असती. घनफळ ४५००. दोन रुंद्या म्हणजे एक लांबी, तीन उंच्या म्हणजेही एक लांबी. आडवी, उभी, कशीही फिरवा, रचना बंद होते, फटी राहत नाहीत. शिवाय टेप लावल्यावर पेटी मध्ये सेंटिमीटरभर फुगली आणि उंची ११ मोजली गेली, तरी ४९५० होतात.

१० आणि ११ नंबरला ३० पुरणार नाही. तिथं ३२ करा, पण १५ × १० चं तोंड बदलू नका. समोरून सगळी भिंत एकसारखी दिसते, लांब पेटी मागे दोन सेंटिमीटर जास्त जाते एवढंच. ती ४८०० ची आहे, तिला फुगायला फार वाव नाही हे मात्र लक्षात ठेवा.

रॅकचं गणित मांडतो. ९० सेंमी रुंद आणि १८० उंच रॅक धरा. जुन्या पेटीचं तोंड २० × १२, म्हणजे आडव्या ४, उभ्या १५, एकूण ६०. नव्या पेटीच्या आडव्या ६. उभ्या १८ मावतात, पण अठरा थर चढवू नका. दर सहा थरांनी एक फळी घाला. फळ्यांची जाडी वजा जाता १७ थर, म्हणजे १०२ पेट्या. त्याच भिंतीवर.

दुकानदारांना डझनानं पाठवत असाल तर तिथंही फरक पडेल. जुन्या बारा पेट्यांचा खोका बाहेरून ३५ × ६२ × ५० च्या आसपास, म्हणजे आकारमानानं २१.७ किलो. नव्या बारांचा ६२ × ३२ × ३२, म्हणजे १२.७.

पायताणवाली

हिशेबीदादा, हे वाचून नवऱ्यानं लगेच भिंत मोजायला घेतली. पण तळातली पेटी काढायचा प्रश्न तसाच राहतो ना?

खोकेवाला

नाही राहत. पेटी वरून उघडायचीच नाही. १५ × १० च्या छोट्या तोंडाकडून उघडायची, फ्लॅप आत खोचायचा. ढीग जागच्या जागी राहतो, तुम्ही समोरून फ्लॅप उघडून जोड ओढून घेता. जोडाला कागदाचा रुंद पट्टा गुंडाळा म्हणजे दोन्ही चपला एकदम बाहेर येतील. नंबर आणि डिझाइनचं लेबल त्याच तोंडावर. सरकत्या ड्रॉवरची पेटी याहून देखणी होते, पण तिला पुठ्ठा जवळजवळ दुप्पट लागतो. तुमच्या धंद्याला ती परवडायची नाही.

आता नीट वाचा, कारण इथं बरेच जण फसतात. पुठ्ठ्याच्या आत ज्या नागमोडी नळ्या असतात त्या उभ्या असतील तरच भिंत वजन पेलते. नळीसारखी तोंडाकडून उघडणारी पेटी नेहमीच्या पद्धतीनं बनवली तर त्या नळ्या पेटीच्या लांबीला धावतात. तशी पेटी आडवी ठेवली की नळ्याही आडव्या झाल्या, आणि चार थरांतच ती बसणार. बनवणाऱ्याला सांगा, ‘पेटी आडवी रचणार आहे, ३० × १० च्या भिंतीत फ्ल्यूट उभी पाहिजे.’ ताव फिरवून कापावा लागतो, थोडा पुठ्ठा वाया जातो, तो कुरकुर करेल. करू द्या.

नमुना आला की एक पेटी फाडा आणि कडेला डोळा लावून बघा. भिंतीच्या वरच्या कडेला मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं दिसली तर बरोबर. दिसली नाहीत तर माल परत.

रचताना कोपऱ्यावर कोपरा आला पाहिजे. विटांसारखी सांधमोड करायचा मोह होतो, पण खोक्याची बहुतेक ताकद कोपऱ्यात असते. वरच्या पेटीचा कोपरा खालच्या पेटीच्या मध्यावर आला की खालची खचलीच. आणि आतली उंची जोडापेक्षा थोडी जास्त ठेवा. ९ चा जोड, आत ९.४. वजन पुठ्ठ्यावर जावं, पट्ट्यावर नाही.

कोकणी_पाऊस

पिशवीचा मुद्दा मागे घेतो. पण पावसाबद्दल बोलायचा मला अधिकार आहे! पुठ्ठा दमटपणानं मऊ पडतो, तुमचा तळ त्यामुळेच बसला असणार. पहिला थर जमिनीवर कधीच नको, खाली लाकडी फळी आणि भिंतीपासून चार बोटं अंतर. चपलेला प्लॅस्टिक गुंडाळू नका. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं, आत ओल कोंडली की आठवड्यात पांढरी बुरशी धरतं. साधा कोरा न्यूजप्रिंट वापरा. छापील वर्तमानपत्राची शाई फिक्या कातड्यावर उतरते, आमच्या मावशीच्या नव्या चपलेवर एका पुढाऱ्याचा अर्धा चेहरा उमटला होता.

समोरच्या तोंडाला दीड सेंटिमीटरचं एक भोक पाडून घ्या. हवाही खेळेल आणि बोट घालून पेटी ओढताही येईल. कुरियरला देताना त्याच्यावर लेबल चिकटवलं की भोक बंद.

पायताणवाली

आणि माझ्या २०० पेट्या?

खोकेवाला

चार फ्लॅपच्या आहेत ना? मग मरण नाही त्यांना. चारही कोपरे वरून १.८ सेंमी खाली कापा, बोथट सुरीच्या पाठीनं नवी घडीची रेघ ओढा, फ्लॅपची टोकं तेवढीच छाटा म्हणजे ती एकावर एक चढणार नाहीत, आणि फ्लॅप तिथं दुमडा. बाहेरची उंची ९.४ झाली. ३३.६ × १५.६ × ९.४ म्हणजे ४९२७. पुरुषांच्या जोडाला आत उंची कमी पडेल, बायकांचा ७ चा जोड आरामात जाईल. टेप ताणून लावा. इथं फुगायला सोय नाही.

पायताणवाली (पाच आठवड्यांनी)

उशिरा लिहितेय, राग मानू नका.

पहिला नमुना आला. फाडला, कडेला डोळा लावला, भोकं दिसली नाहीत. नळ्या आडव्याच. पेटीवाला म्हणाला, ‘ताई, एवढं कोण बघतंय?’ मी म्हटलं, मी बघतेय. दुसऱ्या नमुन्याला ताव फिरवून दिला, पेटीमागे सव्वा रुपया वाढवून. घेतला. ३० च्या ३०० आणि ३२ च्या १०० केल्या. पेट्या सपाटच येतात, त्यामुळे सगळा गठ्ठा दिवाणाखाली गेला, हा फायदा आधी लक्षातच आला नव्हता. झाकणाच्या पेट्या रिकाम्या असल्या तरी खोली अडवायच्या.

दोन बिलं आली. १ किलो, सगळीकडे १ किलो. एका जोडाला दीड लागला, तो मीच घाईत वरून कुरियरची पिशवी चढवली होती, तिच्या दुमडीनं माप वाढलं. आता लेबल थेट पेटीवर.

जुन्या २०० पैकी दीडशे कापून झाल्या. रोज रात्री जेवणं झाली की मी आणि जाऊ वीस-वीस कापतो.

एक पेच उरलाय. कापशीला (हा कोल्हापुरीचाच एक प्रकार) मोठे कान आणि वर गोंडा, ती १५ च्या तोंडात शिरत नाही. दाबली तर गोंडा चेपतो. सध्या जुन्याच झाकणाच्या पेटीत पाठवतेय.

मामांनी रॅक बघितला. एक पेटी ओढली, उघडली, जोड काढला, परत सारला. वरच्या पाच जागच्या हलल्या नाहीत. मग म्हणाले, ‘लेबलावरचा आकडा मोठा काढ, मला दिसत न्हाई.’

खोकेवाला

आकडा बोटभर उंच छापा, काळ्या शाईत. आणि कापशीचा एक जोड घेऊन शिरोलीला या, गोंडा न दाबता मोजू.