पीडीएफचं पान हा प्लेटोचा संदर्भ नव्हे

निळी शाई: 'तालुकाकर' परवा इथे लिहून गेले: "एमएच्या प्रकल्पाला मूळ ग्रंथ कोण बघतं? स्टॅनफर्डच्या ज्ञानकोशातला लेख वाचा, त्याखालची पुस्तकं यादीत टाका, पीडीएफचं पान द्या, सुटलात." वाचून डोकं फिरलं. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मधला गुहेचा दृष्टान्त ५१४ए पासून सुरू होतो. हा आकडा १५७८च्या स्टेफानस आवृत्तीतल्या पानाचा, अक्षर पानाच्या भागाचं. बऱ्या अनुवादांत तो समासात असतोच; भाषांतर कुठलंही असो, जागा सापडते. 'पीडीएफ पान २३७' घेऊन परीक्षकाने काय करायचं? कांटच्या 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन'चंही तेच: १७८१ची पहिली आवृत्ती म्हणजे ए, १७८७ची दुसरी म्हणजे बी, पान त्यांचंच द्यायचं. आणि न उघडलेली पुस्तकं यादीत टाकणं ही सरळ लबाडी आहे.

तालुकाकर: लबाडी? आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात तत्त्वज्ञानाचं एकच कपाट, तेही कुलूपबंद. चावी मागितली तर "सर रजेवर आहेत". मोठ्या शहरात बसून नीतिमत्ता शिकवू नका.

निळी शाई: मग 'अमक्याच्या लेखात उद्धृत' असं लिहा! त्याला कपाट लागत नाही.

जुनी वही: मराठी संदर्भांचं काय, तेही बोला. मी मराठी तत्त्वज्ञान महाकोश यादीत दिला, तर मार्गदर्शक म्हणाले, "इंग्रजी काहीतरी घाला." प्रबंध मराठीत, विषय ज्ञानेश्वरी!

ओवीवेडा: ज्ञानेश्वरी निघालीच आहे तर विचारतो, प्रत कुठली? राजवाडे आणि साखरे यांनी छापलेल्या प्रतींत ओव्यांची संख्याच वेगळी. प्रत न सांगता नुसतं '१८.१७९४' (अध्याय, ओवी) लिहिणाऱ्याचा प्रबंध मी तिथेच मिटतो.

जुनी वही: वारकरी वाचतात ती साखरे प्रत. लोक जी वाचतात तीच द्यावी.

ओवीवेडा: लोकांचा काय संबंध? राजवाड्यांनी १९०९ साली जुनी पोथी छापली. शब्दावर युक्तिवाद उभा करायचा तर जुना पाठ बघावाच लागतो.

जुनी वही: म्हणजे माझी आजी रोज वाचायची ती खोटी?

ओवीवेडा: आजीला मध्ये आणू नका. पाठभेदाबद्दल बोलतोय.

जुनी वही: तिची प्रत समोर ठेवूनच मी प्रबंध लिहिलाय. आणणारच!

निळी शाई: प्रत कुठलीही घ्या, तिचं नाव आणि साल लिहा. धागा संदर्भांचा होता.

तालुकाकर: 'उद्धृत' लिहीन, ठीक. पीडीएफचं पानही काढतो. पण पुस्तक मिळत नाही हा विद्यार्थ्याचा गुन्हा नाही, तेवढं तरी कबूल करा.

निळी शाई: तो गुन्हा आहे असं मी म्हटलंच नव्हतं.

तालुकाकर: 'लबाडी' म्हणालात. वर आहे.