मदत हवी आहे: ओतीव ब्लॉक आणि हेडवरचा खडबडीतपणा किती काढावा, कशाने काढावा?

चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ब्लॉक बीडाचा (ओतीव लोखंडाचा), हेड ॲल्युमिनियमचं. सगळं सुटं झालंय, ब्लॉक अजून बोअरिंगला (सिलिंडर कापून मोठे करायला) दिलेला नाही. तेल खाली उतरायच्या भोकांच्या तोंडाशी ओतकामाचा फ्लॅश (साच्याच्या फटीत आलेली जादा धातूची पातळ कड) लोंबतोय, आतल्या बाजूला पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन भागांच्या जोडाची रेघ) बोटाला लागते, आणि इनटेक पोर्टच्या (हवा-पेट्रोल आत येण्याच्या मार्गाच्या) तोंडाशी मॅनिफोल्डच्या मापाशी न जुळणारी पायरी आहे. डाय ग्रायंडरला गुलाबी दगड लावून हेडवर फिरवला, तर मिनिटभरात दगड चकचकीत होतो आणि नुसता तापतो. असं का होतं? शिवाय सँडब्लास्टिंग करून सगळं एकदाच साफ करता येईल का? आणि पोर्ट आरशासारखे चमकवायचे का?

प्रतिसाद १

दगडात ॲल्युमिनियम भरलंय. मऊ धातू दगडाच्या छिद्रांत चिकटून बसतो, मग दगड कापत नाही, घासतो. भरलेला दगड तसाच वेगात फिरवत राहिलात तर उष्णतेने फुटूही शकतो. तो बाजूला ठेवा.

ॲल्युमिनियमला मोठ्या, मोकळ्या दातांचा एकेरी कापाचा कार्बाइड बर (ग्रायंडरला लावायचा दातेरी कापणारा तुकडा) लागतो. दुकानात ‘ॲल्युमिनियम कट’ म्हणूनच मागा. आडवे-उभे छेद असलेला डबल कट बर बीडासाठी. तो ॲल्युमिनियमवर दगडासारखाच बुजतो. बराला अधूनमधून मेण किंवा डब्ल्यूडी-४० लावत राहा, दात मोकळे राहतात. बीड मात्र कोरडंच कापा.

बर दाबून धरू नका, हलक्या हाताने सतत फिरता ठेवा. एका जागी थांबलात की खड्डा. दीडशे मिलिमीटर दांड्याचा लांब बर असेल तर वेग खूप कमी ठेवा आणि टोक पोर्टच्या आत गेल्यावरच बटण दाबा. मोकळ्या हवेत पूर्ण वेगाला दांडा वाकतो आणि मग तो आवरत नाही.

बरानंतर ८० ग्रिटचा कार्ट्रिज रोल (पॉलिश पेपरची गुंडाळी), लागलाच तर १२०. ब्लॉकच्या आतल्या भागाला एवढंही पुष्कळ झालं. सुटण्याजोगं काही राहू नये आणि तेलाची वाट मोकळी व्हावी, यापलीकडे तिथे काही साधायचं नाही. पार्टिंग लाइन पूर्ण सपाट करत बसणं म्हणजे हौस.

प्रतिसाद २

वरच्या सल्ल्यात क्रमाचा मुद्दा राहिला. घासकाम बोअरिंगच्या आधी उरका. होनिंग (सिलिंडरला दगडाने शेवटचा घासा) झालेल्या सिलिंडरशेजारी ग्रायंडर चालवायचा नसतो, एक घसरण आणि बोअर पुन्हा मोठा करावा लागतो.

हात लावायचा नाही अशा जागा: मेन कॅप (क्रँकशाफ्ट धरणारी टोपी) आणि तिची बैठक, लिफ्टरचे (कॅमवरून व्हॅल्व्ह उचलणाऱ्या तुकड्यांचे) बोअर, थ्रस्ट बेअरिंगचे तोंड, गॅस्केटचे सगळे सपाट पृष्ठभाग. त्यांच्यावर मास्किंग टेपचे तीन-चार थर द्या. हेडवर काम करताना व्हॅल्व्ह सीट वाचवायला जुने, टाकाऊ व्हॅल्व्ह बसवून ठेवा.

गॅस्केट खरवडायला ड्रिलला लावायची जाळीदार अपघर्षक चकती वापरू नका. तिच्यातून ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण झडतात, तेलातून बेअरिंगपर्यंत जातात आणि नवी बेअरिंगं खाऊन टाकतात. जनरल मोटर्सने सर्व्हिस बुलेटिनमधून यावर इशारा दिलेला आहे. प्लॅस्टिकची किंवा धार नसलेली खरवडणी आणि गॅस्केट रिमूव्हर, एवढंच.

सँडब्लास्टिंग आतून नकोच. वाळूचे किंवा काचेचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात, आंधळ्या (एका टोकाला बंद) भोकांत आणि ऑइल गॅलरीत (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांत) दडतात आणि इंजिन चालू झाल्यावर बाहेर पडतात. बाहेरून करायचंच असेल तर प्रत्येक भोक रबरी बुचाने बंद करून. सोडा ब्लास्टिंग त्यातल्या त्यात बरं, कारण हा सोडा (खाण्याच्या सोड्यासारखा) पाण्यात विरघळतो. तरी नंतर भरपूर गरम पाण्याने धुवावंच लागतं.

धागाकर्ता

समजलं. पण मग धुण्याचं काय? रॉकेल आणि ब्रश पुरेल का? कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत टाकायचा विचार होता.

प्रतिसाद २

टाकीत फक्त बीडाचा ब्लॉक. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातो आणि हायड्रोजन सुटतो. ब्लॉकमध्ये कॅम बेअरिंग शिल्लक असतील तर तीही खराब होतात, आधी काढा.

रॉकेल चिकट तेल सोडवतं, पण होनिंगचा आणि घासकामाचा बारीक कण बीडाच्या खडबडीत पृष्ठभागातून तेवढ्याने निघत नाही. बोअरिंग-होनिंग होऊन ब्लॉक परत आला की गॅलरीची सगळी बुचं काढा. गरम पाणी, भांडी धुण्याचा साबण, नायलॉनचा ब्रश. गॅलरीला बंदूक साफ करायच्या ब्रशसारखा लांब ब्रश, दोन्ही टोकांकडून. मग साबण निघेपर्यंत गरम पाणी, कॉम्प्रेसरची हवा आणि ताबडतोब तेल. बीड पाहता पाहता गंजतं, चहा प्यायला जाऊ नका.

सिलिंडरची खात्री अशी करा: पांढऱ्या फडक्याला एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लावून पुसा. फडकं राखाडी येतंय तोवर काम संपलेलं नाही.

हेड बोल्टच्या आंधळ्या भोकांतलं पाणी हवेने उडवा. त्यात द्रव राहिला तर बोल्ट आवळताना दाबाने ब्लॉक फुटतो. आटे साफ करायला टॅप नको, थ्रेड चेसर. टॅप थोडं धातूही कापून नेतो.

प्रतिसाद ३

पोर्टच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून. इनटेक चमकवू नका. ६०–८० ग्रिटची खरखर चालते. गुळगुळीत भिंतीवर पेट्रोलचे थेंब साचायला सोपं जातं. एक्झॉस्ट गुळगुळीत केला तर काजळी कमी धरते.

पायरी काढताना गॅस्केट साचा म्हणून वापरायची चूक बहुतेक जण करतात. गॅस्केटचं भोक पोर्टपेक्षा मोठं असू शकतं. मॅनिफोल्डचं खरं तोंड मोजून, मार्किंग ब्लू (रेघ उठून दिसण्यासाठीचा निळा रंग) लावून, सुईने रेघ मारा. आतल्या बाजूला निमुळता उतार देत पायरी उतरवा. वळणाच्या आतल्या बाजूची वक्रता, म्हणजे पोर्टचा तळ, तसाच राहू द्या. तिथे धातू कमी असतो आणि पलीकडे पाण्याचा मार्ग असतो.

आणि भुकटी. बीड आणि ॲल्युमिनियमची भुकटी एकाच व्हॅक्युममध्ये किंवा एकाच ढिगाऱ्यात नको. ठिणगी पडली तर आग विझवणं कठीण जातं. साइड कव्हर मॅग्नेशियमचं असण्याची शंका असेल तर त्याला ग्रायंडर लावूच नका. मास्क आणि गॉगल दोन्ही, पोर्टमध्ये वाकून पाहताना तर नक्की.