अनुभव धागा: फ्रान्समधल्या बिनगाडीच्या वाटा आणि आपली सायकल

नमस्कार मंडळी. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत ग्रॅव्हल सायकल (खडी-मातीच्या वाटांवर चालणारी, जाड टायरांची) फिरवून आलेले आपल्यात बरेच जण आहेत. फोटो सगळे टाकतात, लिहीत कोणी नाही. म्हणून हा धागा.

आधी शब्दांचा घोळ मिटवते. 'व्वा व्हेर्त' म्हणजे मोटारींना बंदी असलेली वाट, बहुतेकदा रूळ उखडलेल्या जुन्या रेल्वेमार्गावरची. 'शमँ द आलाज' म्हणजे कालव्याकाठची वाट, जिच्यावरून पूर्वी घोडे दोरखंडानं नावा ओढायचे. आणि 'शमँ ब्लाँ' म्हणजे शेतांतले, द्राक्षमळ्यांतले पांढरट मुरमाचे रस्ते. तिथे फार तर एखादा ट्रॅक्टर येतो. पॅरिस-तूर ही जुनी शर्यतसुद्धा २०१८ पासून व्हुव्रेच्या मळ्यांतल्या असल्या वाटांवर घुसते. रेल्वेच्या वाटेवर चढ नसल्यातच जमा, कारण वाफेच्या इंजिनाला तो झेपत नसे. कालव्याकाठी चढ फक्त लॉकपाशी, म्हणजे पाण्याची पातळी बदलून नावा वर-खाली नेणाऱ्या दरवाजांपाशी.

गाड्या नव्हत्या हे सगळेच सांगतात. मग त्रास कशाचा झाला, ते लिहा. सुरुवात माझ्यापासून.

नाँत-ब्रेस्त कालव्याच्या काठानं रदाँहून जोसलँकडे निघाले होते. कालवा ३६० किलोमीटरच्या आसपास. इंग्रजी नौदलानं समुद्र अडवला तरी ब्रेस्तच्या गोदीला माल आतल्या आत पोचावा, म्हणून नेपोलियनच्या काळात घाट घातला, रीतसर उद्घाटन झालं त्याच्या पुतण्याच्या, तिसऱ्या नेपोलियनच्या, कारकिर्दीत. आणि १९३० मध्ये गेर्लेदाँचं धरण बांधून मधोमध कापूनही टाकला! वाट झकास, दाबलेल्या बारीक खडीची. पण वार सोमवार. पहिल्या गावात बेकरी बंद. दुसऱ्या गावात पोचले तेव्हा साडेबारा, दुकानाला कुलूप, दोनला उघडणार. पिशवीत दोन केळी आणि चकल्यांचा चुरा. शेवटी एका लॉकपाशी गळ टाकून बसलेल्या आजोबांना दुकानाचं विचारलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आपला पाव गुडघ्यावर ठेवून मधोमध मोडला. आत बोटभर जाडीचं खारं लोणी. बोलणं काही झालं नाही, मासाही लागला नाही.

आता तुम्ही.

तुलूजकर

नोकरीनिमित्त सात वर्षं इथे आहे, त्यामुळे कनाल द्यू मिदी हा कालवा म्हणजे आमचं अंगण. तुलूजहून पहिले साधारण ५० किलोमीटर डांबर आहे. ज्यांना ग्रॅव्हल हवं त्यांनी तिथे थांबून फोटो काढत बसू नये, मजा पुढे ओद जिल्ह्यात आहे.

नोरूझच्या खिंडीत मात्र जरूर थांबा. उंची जेमतेम १८९ मीटर. काळ्या डोंगरातून, मोंतान्य न्वारमधून आणलेलं पाणी इथे कालव्यात पडतं आणि दोन्हीकडे वाटलं जातं, अर्धं अटलांटिकच्या दिशेनं, अर्धं भूमध्य समुद्राच्या. कालव्याचं काम १६६६ ला सुरू झालं. ज्यानं तो खणला तो रिके १६८० ला गेला आणि १६८१ ला कालवा खुला झाला. बिचाऱ्यानं पुरा झालेला पाहिलाच नाही.

त्रास म्हणाल तर दोन. पहिला वारा. ओताँ नावाचा वारा आग्नेयेकडून येतो, म्हणजे तुलूजहून निघालात की थेट तोंडावर. दिवसेंदिवस वाहतो, आणि माणसं त्यानं वेडी होतात असं इथले लोक सांगतात. कास्तेलनोदारीला पोचेपर्यंत मलाही पटलं होतं. दुसरा त्रास मुळांचा. काठावरच्या प्लेन (चिनाराच्या जातीच्या) झाडांची मुळं वाटेवर वर आलेली, मनगटांचं भरीत होतं. आणि जिथे मुळं नाहीत तिथे झाडंच नाहीत, हे त्याहून वाईट. २००६ पासून बुरशीच्या रोगानं हजारो झाडं तोडून जाळावी लागली. नवी लावली आहेत, पण त्यांची सावली आत्ता माझ्या हेल्मेटएवढी आहे. जुलैत त्या पट्ट्यात दुपारी जाऊ नका.

रात्रपाळी

मी २०२३ च्या पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसला पुण्याहून गेलो होतो. ९० तासांत १२०० किलोमीटर, सगळं डांबरी. ते संपल्यावर बायको म्हणाली, आता माझ्यासोबत चालव, आणि घड्याळ खोलीवर ठेव.

दोन दिवस नुसता झोपलो आणि मग आलाँसाँ ते काँदे-स्यूर-विस्न ही जुनी रेल्वेवाट केली. ६७ किलोमीटर, पॅरिसहून माँ-साँ-मिशेलला जाणाऱ्या व्हेलोसेनी या सायकलमार्गाचा तुकडा. मोर्तान्य-ओ-पेर्श लागलं. पॅरिस-ब्रेस्तच्या परतीला याच गावात मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या घोरलो होतो. तेव्हा हा मुलूख हेडलाइटच्या उजेडात तीन मीटर रुंद दिसला होता. दिवसा कळलं की इथे कुंपणं, सफरचंदाच्या बागा आणि हत्तीच्या पायांचे पेर्शराँ घोडे आहेत.

त्रास: वाट जिथे जिथे रस्ता ओलांडते तिथे लाकडी आडबंद लावलेले. मोटारसायकली शिरू नयेत म्हणून ठीक आहे, पण आमच्या फुगलेल्या पिशव्याही शिरत नव्हत्या. सायकल मागच्या चाकावर उभी करायची, वळवायची, पुढे ढकलायची. असं दिवसभर. बायको मोजत होती. तिसाव्याला तिनं मोजणं सोडलं आणि माझ्याशी बोलणंही.

पाणीदार

खेड्यात पाणी कुठे मिळतं, यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. स्मशानात! हसू नका. प्रत्येक गावाच्या कडेला दफनभूमी असते आणि कबरींवरच्या फुलांना घालायला तिथे नळ असतो. सायकलवाल्या सगळ्यांना हे ठाऊक असतं. फक्त 'नाँ पोताब्ल' अशी पाटी नाही ना, ते बघायचं. ती असेल तर पिऊ नका.

माझं हे ज्ञान पासापाईसवर आलं. माझामे ते बेदार्यू, डोंगराच्या पायथ्यानं जाणारी जुनी रेल्वेवाट, बरीचशी खडीची. कुर्नियूजवळच्या बोगद्यात गारेगार, बाहेर पडलं की भट्टी. ओलार्गच्या अलीकडे दोन्ही बाटल्या कोरड्या. एका बाईंनी हातानंच दाखवलं, तिकडे, सुरूच्या झाडांकडे. लोखंडी फाटक करकरलं, आत चिटपाखरू नाही. नळाखाली डोकंच धरलं.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉलवर मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, "आधी आंघोळ कर, मग बोलू."

जंगलबुक

ऑक्टोबरात जाणाऱ्यांसाठी एवढंच. शिकारीचा हंगाम साधारण सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेर असतो. जंगलवाटेच्या तोंडाशी 'शास आँ कूर' अशी पाटी दिसली की शिकार चालू आहे. आम्ही "बघू पुढे" म्हणून शिरलो, शंभरेक मीटरवर नारिंगी जाकिटातला माणूस उभा. खांद्यावर बंदूक, आवाज अगदी नम्र. इतक्या झटपट यू-टर्न मी आयुष्यात घेतला नव्हता.

आजीची सायकल

सगळे तरणेताठे दिसता. मी ६७ वर्षांची, गुडघा एकच धड, बॅटरीची सायकल. लेक ल्योंला असते, तिनं नेलं. जिव्री ते क्लुनी, ४४ किलोमीटर. १९९७ मध्ये फ्रान्समधली पहिली व्वा व्हेर्त इथेच झाली. वाट डांबरी आहे, म्हणजे तुमच्या धाग्यात बसत नाही, पण जावई मधूनमधून मळ्यांतल्या पांढऱ्या वाटांवर घुसायचा आणि धुळीनं माखून परत यायचा. ते धरा.

क्लुनीच्या दक्षिणेला ब्वा क्लेरचा बोगदा आहे, १.६ किलोमीटरचा. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत शिरताच अंगावर काटा. दिवे मंद. लहानपणी कर्जत-लोणावळ्याच्या मधे बोगदा आला की आम्ही डब्यात जीव खाऊन ओरडायचो. इथे मधोमध आले, आजूबाजूला कोणी दिसेना, म्हटलं आता नाही तर कधी. दिली एक आरोळी. ती घुमून परत आली आणि पाठोपाठ मागच्या अंधारातून कुणा फ्रेंच बाप्याची दुसरी आली! लेक पुढे जाऊन उभी, कपाळाला हात लावून.

त्रास म्हणाल तर बॅटरी. परतीला शेवटचे नऊ किलोमीटर ती संपली आणि तेवढं वजन एका गुडघ्यावर आलं.

रात्रपाळी

आजी, साष्टांग नमस्कार. पण तो बोगदा वटवाघळांसाठी बंद ठेवतात ना? दिसली का?

आजीची सायकल

बंद हिवाळ्यात असतो रे, ती झोपायला येतात म्हणून. मी जूनमध्ये गेले होते. असती तरी माझ्या आरोळीनंतर राहिली नसती.