मदत हवी आहे : कथा 'पसरट' म्हणून परत आली, आता कापायचं काय?

खडीसाखर

नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येते.

एका दिवाळी अंकाकडे पाठवलेली कथा परत आली. सोबत संपादकांचा छोटा निरोप होता : विषय आवडला, लेखन पसरट आहे, पुन्हा काम करून जुलैअखेर पाठवलीत तर वाचू. म्हणजे दार बंद झालेलं नाही. पण नेमकं कुठे पसरट, हे फोन करून विचारायचा धीर होत नाही.

कथा अशी : सदाशिव पेठेत घरगुती मेस चालवणाऱ्या मालूताई. त्यांच्याकडे डबा लावलेला एक मुलगा, लातूर जिल्ह्यातला, एमपीएससी करणारा. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं देऊन राहतो, दिवसभर अभ्यासिकेत बसतो. पूर्व निघते, मुख्य निघते, मुलाखतीपर्यंत जातो आणि अंतिम यादीत नाव नसतं. शेवटी मेसचे पैसे थकवून, न सांगता निघून जातो. कथा ५००० शब्दांच्या आसपास आहे, अंकाची मर्यादा ३५००.

विशेषणं काढली. पर्वतीवरचा सूर्यास्त होता (हसू नका), तोही काढला. शब्द कमी झाले, पण वाचताना आता नुसती हकीकत वाटते. स्वतःचं लिखाण स्वतः तपासताना काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे तुम्ही कशावरून ठरवता? मैत्रिणींकडून 'छान झालीये गं' याच्या पलीकडे काही मिळत नाही. नमुन्याला एक परिच्छेद देते. हवं तेवढं झोडपा.

"रविवारची रात्र होती. मालूताईंनी परत आलेल्या डब्याचं झाकण उघडले. आत पोळ्या तशाच होत्या. त्यांना खूप वाईट वाटलं. आपण एवढ्या मायेने केलेलं जेवण त्याने तोंडातही घातले नाही, याचं दुःख त्यांच्या मनात दाटून आलं. पण त्याच्याही मनात वादळ उठलं होतं. यादीत नाव आलं नव्हतं, घरी फोन करून सांगायची हिंमत उरली नव्हती... आयुष्य किती निष्ठुर असते, असा विचार करत मालूताई कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या."

नळस्टॉप

सूर्यास्त काढलात, पर्वतीवर उपकार झाले.

आता परिच्छेद. पहिल्या तीन वाक्यांत सगळं सांगून झालंय. डबा परत आला, पोळ्या तशाच आहेत. पुढची दोन वाक्यं मला समजावतायत की हे वाचून मला वाईट वाटायला हवं. तुमचा पसारा विशेषणांत नाही, या समजावण्यात आहे. म्हणून विशेषणं काढून शब्द घटले आणि दुखणं तिथेच राहिलं.

दुसरं जास्त गंभीर आहे. मालूताई ओट्यापाशी उभ्या आहेत. मुलगा तिकडे खोलीत. त्याच्या मनातलं वादळ ओट्यापाशी कसं दिसलं? निवेदक क्षणात इकडे, क्षणात तिकडे उडी मारतोय. दोघांच्याही मनात शिरलात की दोघांबद्दलही दीड-दीड पान लिहावं लागतं. कथा मालूताईंची असेल तर मुलाच्या डोक्यातला मजकूर जातो, आणि तेवढ्यानेच तुमचे निम्मे जादा शब्द कमी होतील असा माझा अंदाज.

कुणाची कथा आहे हे ठरल्याशिवाय वाक्यांना हात लावू नका. लोक शुद्धलेखनापासून सुरुवात करतात. ते सोपं असतं म्हणून. मग पुढे जो प्रसंगच उडवायचा असतो, त्यातले ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करत दुपार जाते. आधी प्रसंग बघा. अप्पा बळवंत चौकातून कोऱ्या कार्डांचा गठ्ठा आणा, प्रत्येक प्रसंगाला एक कार्ड. त्यावर काय घडतं ते लिहू नका, प्रसंग संपताना काय बदललेलं असतं ते लिहा. ज्या कार्डावर काही लिहिता येत नाही, तो प्रसंग कथेत कशाला आहे हे स्वतःला विचारा.

रविवारदुपार

पूर्वी बरं होतं. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत, राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहायचे, कथा पुन्हा पुन्हा लिहून घ्यायचे. आता एका ओळीत 'पसरट' म्हणून मोकळे.

नळस्टॉप

'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झाली, रविवारदुपार. बाईंना या जुलैत कथा द्यायचीये. आणि खरं सांगायचं तर 'पुन्हा काम करून पाठवा' एवढं कळवणारे संपादक आजही चांगलेच म्हणायचे.

खडीसाखर

कार्डं केली. 'निकाल लागतो, तो गप्प होतो' या एकाच अर्थाची चार कार्डं निघाली. पूर्वपरीक्षेचा निकाल, मुख्यचा, मुलाखतीचा आणि मधे एक पुढे ढकललेली परीक्षा. मला वाटायचं, चार वेळा आलं की त्याचं पिचणं जाणवेल.

मग आता तीन काढू? वर्षं सरल्याचं कसं कळणार?

उपमुद्रा

सांगून टाका. मी बरीच वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलंय, त्यामुळे माझा चष्मा वाक्याचा आहे. पण हे सांगतो : हल्ली जो तो 'सांगू नका, दाखवा' म्हणतो आणि नवे लेखक चहाचा कपसुद्धा अर्धं पान दाखवत बसतात. 'त्यानंतरच्या दोन दिवाळ्यांना तो गावी गेला नाही' या एका वाक्यात दोन वर्षं जातात आणि मुलगा कळतो. दाखवायचा तो एकच निकाल, शेवटचा. बाकीचे एकेका वाक्यात सांगा.

आता भाषेचं. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ आणि १९७२ च्या लेखननियमांत बोलण्यातली 'केलं, म्हटलं' ही रूपं लिहायला वाव आहे, आणि कथेत ती निवेदनातही सर्रास चालतात. पण निवड एकदाच करायची. तुमच्या परिच्छेदात 'झाकण उघडले' आणि 'वाईट वाटलं' शेजारी शेजारी नांदतायत. खाली 'घातले नाही', 'निष्ठुर असते'. वाचकाला चूक दाखवता येणार नाही, पण आवाज बदलल्याचं कानाला कळतं. पाठवायच्या आधी नुसतं यासाठी एक वाचन करा.

दुसरं, 'होता-होती-होतं'. मागची हकीकत सांगताना लेखक भूतकाळाच्या मागचा भूतकाळ धरतो आणि पान दोन पानं सोडतच नाही : आला होता, बसला होता, म्हणाला होता. पहिल्या एक-दोन वाक्यांत 'होता' ठेवा, वाचक मागे गेला की सरळ 'आला, बसला, म्हणाला' करा. वर्तमानात परतताना एखादी खूण द्या, वार किंवा आवाज. संगणकावर 'होत' एवढंच शोधून बघा, किती ठिकाणी उजळतं ते.

तिसरं, त्या तीन टिंबांबद्दल. लेखकाला वाक्य संपवता येत नाही तिथे ती येतात. पूर्णविराम देऊन बघा. बहुतेक वेळा भागतं.

मांजराकाठी

ताई, मी लातूरकडचा. एमपीएससीच्या नादात पेठेत राहिलेलो आहे, त्यामुळे राहवलं नाही. मुलाचे संवाद कसे लिहिलेत? एखादा टाका ना.

खडीसाखर

हा घ्या : "म्या न्हाय जेवनार काकू, मला लई भूक न्हाय."

मांजराकाठी

भीती होती तेच. हे लातूरचं नाही. कोणत्याच गावचं नाही, हे सिनेमातल्या गावाचं बोलणं आहे. आमच्याकडे 'काय करायलाव', 'यायलोय', 'बोलायलोय' असं चालतं. पण माझा मुद्दा वेगळाच आहे. पुण्यात वर्षं काढलेला पोरगा मेसच्या काकूंशी असं बोलणारच नाही. तो जमेल तेवढं छापील बोलतो. मुलाखतीची तयारी करणारा आहे तो, आरशासमोर उभं राहून 'सर, माझ्या मते' म्हणणारा. त्याची बोली बाहेर येते ती गाववाला भेटला की, किंवा घाबरला, चिडला की. अख्ख्या कथेत एकाच ठिकाणी येऊ द्या. उदा. "नंतर खातो काकू, आत्ता फोनवर बोलायलोय." आणि फोन कानाला नाहीच. बाकी सगळीकडे त्याला शुद्ध बोलू द्या, मग ते एक वाक्य टोचेल.

आणि मेसमध्ये वही नाही का तुमच्या? खाडा नाही? कथेत मेस आहे आणि खाड्याचा उल्लेख नाही हे मला पटलंच नाही. आमच्याकडे न सांगता डबा चुकवला की तो धरला जायचा, सांगून चुकवला तर महिन्याच्या हिशोबात वजा. सगळी भांडणं त्यावरूनच. पैसे थकवून गेलेला मुलगा म्हणजे वहीत एक नाव आहे, त्याच्यापुढे खुणा आहेत, आणि त्या खुणा करणारी बाई आहे. तिला वाईट वाटलं की नाही हे मला वहीवरून कळेल. 'दुःख दाटून आलं' वरून नाही कळत.

नळस्टॉप

मी एवढा वेळ जे बोलत होतो ते यांनी एका वहीत बसवलं. साखरबाई, हे फुकट मिळालंय, घ्या.

खडीसाखर

खाडा माहीत होता हो, माझ्या मावसबहिणीची मेस होती. कथेत आणावं असं वाटलंच नाही, फार किरकोळ वाटलं. पुन्हा लिहून बघितलं :

"रविवारची रात्र होती. मालूताईंनी परत आलेल्या डब्याचं झाकण उघडलं. पोळ्या तशाच होत्या. रश्श्यावर तेलाचा तवंग जसाच्या तसा. यादी शुक्रवारी लागली होती. त्यांनी खिळ्याला टांगलेली वही काढली. खाडा सांगितलेला नव्हता, म्हणजे नियमाने डबा धरायचा. पेन घेऊन त्या त्याच्या नावापर्यंत आल्या आणि आधी खालच्या तिघांच्या खुणा करून टाकल्या."

याच्यापुढे एक वाक्य होतं, 'काय करावं त्यांना सुचेना.' ते काढलंय.

उपमुद्रा

ते वाक्य काढलंत हे फार बरं केलंत. ते ठेवलं असतंत तर तिघांच्या खुणा वाया गेल्या असत्या. 'यादी शुक्रवारी लागली होती' इथला 'होती' योग्य, तो तसाच ठेवा. 'जसाच्या तसा'ला क्रियापद नाही, एखाद्या ठिकाणी चालतं. सवय होऊ देऊ नका.

आणि आता कथा मोठ्याने वाचा. स्वतःच्या आवाजात वाचली की आपण अडखळतो तिथे आपोआप सावरून घेतो, म्हणून दुसऱ्याकडून वाचून घेतलेली चांगली. कोणी नसेल तर मोबाईलला वाचायला लावा. त्याला भाव कळत नाही, तो सगळं सपाट वाचतो, आणि संवादात कोण बोलतंय हे ऐकून कळेनासं झालं की तिथे काम आहे हे समजतं. कागदावर छापूनही घ्या. पडद्यावर जे दिसत नाही ते कागदावर दिसतं, हा धंद्यातला अनुभव.

नळस्टॉप

मैत्रिणींचं राहिलं. 'कशी वाटली?' विचारलंत की 'छान'च येणार. समोरचीला चहा पाजून 'कशी आहे' विचारल्यावर दुसरं काय म्हणेल ती? त्याऐवजी 'वाचताना मोबाईल कुठल्या पानावर हातात घेतलास?' असं विचारा. किंवा दोन दिवसांनी गोष्ट सांगायला लावा. सांगताना ती जे गाळेल त्यावर खूण करा. उपाय मात्र तिला विचारू नका. दुखतं कुठे हे वाचकाला बरोबर कळतं, औषध तो भलतंच सांगतो. 'शेवटी तो तहसीलदार होऊन परत येऊ दे ना' असं सांगणारी एक तरी भेटेलच.

खडीसाखर

शेवटी तो तहसीलदार होऊनच परत येतो हो. पाकीट घेऊन, थकलेल्या पैशांचं. आधी सांगितलं नाही कारण तुम्ही हसाल.

नळस्टॉप

हसलो नाही. थोडासाच. पण मग तुमची कथा मालूताईंची राहत नाही, पाकिटाची होते. तुम्ही वर गोष्ट सांगितलीत तेव्हा 'न सांगता निघून जातो' इथेच थांबलात, आठवतंय? न विचारता शेवट सांगून गेलात.

रविवारदुपार

मला पाकीट आवडलं असतं. असो.

खडीसाखर

रविवारदुपार, तुमच्यासाठी दुसरी कथा लिहीन. पाकीट गेलं, चारातले तीन निकाल गेले, मुलाच्या मनातलं सगळं गेलं. ३८०० वर आलेय. अजून ३०० कुठून काढू ते दिसत नाही, पण आता बळजबरीने काढणार नाही. आठवडाभर कथा उघडायचीच नाही असं ठरवलंय. त्यानंतर कागदावर एक वाचन करेन आणि मग संपादकांना फोन करून विचारेन की थोडी वर गेली तर चालेल का.

मांजराकाठी, एक शंका. खाडा किती आधी सांगावा लागायचा? मुलगा दुपारी तीनला फोन करून 'आज डबा नको' म्हणतो असा प्रसंग घालायचा विचार आहे. मालूताई नियम मोडतात की नाही, यावर.

मांजराकाठी

प्रत्येक मेसचं वेगळं असतं. आमच्याकडे सकाळच्या डब्याचं आदल्या रात्री आणि संध्याकाळच्या डब्याचं दुपारी बाराच्या आत. तीनला कणीक भिजलेली असायची, त्यामुळे तीन चालेल, नियम मोडल्यासारखंच होईल.

आणि ताई, एक राहिलं, कुणीच कसं बोललं नाही. रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे गोडाधोडाचं खास जेवण, आणि रात्री मेस बंद. पेठेत रविवारी रात्री डबा कुठला यायला? सगळी पोरं वडापाव नाहीतर अंडाभुर्जीवर असतात. वार बदला. यादी शुक्रवारी ठेवायची असेल तर डबा शनिवारी रात्री परत येऊ दे. सोमवार केलात तर मधला रविवार तो काय खाऊन राहिला हेही लिहावं लागेल, आणि तुमचे शब्द आधीच जास्त आहेत.